गेल्या सालची विहीर

मेंढरांमागं हिंडत शाळा शिकलेली नांदूरघाटची योगिता आता बीडला सॉफ्टवेअरची नोकरी करायची. गावच्या मेंढपाळ सोसायटीसाठी तिनं मोबाइलवर एक मदतनीस बनवला होता. त्याला तोंडानं विचारायचं. काम मात्र बीडच्या सर्व्हरवरची टूल्स करत. एक लसीची तारीख सांगे, दुसरं डॉक्टरला निरोप धाडी. कुठल्या शिवारात पाणी आहे ते सांगणारं तिसरं टूल तिनं कालच सर्व्हरवर चढवलं होतं.

सोसायटीचे चेअरमन धुळाजीमामा म्हणाले होते, "एकडाव दाखीव. चाललं तर ठेवू, न्हाई तर राहू दे."

आज योगिताच्या अंगणात मंडळी जमली. मामांनी मोबाइल तोंडाशी धरला. "केजच्या अंगाला पाणी कुठं हाय?"

"हे काम मला येत नाही," मदतनीस म्हणाला.

"लई हुशार हाय की!" जमलेल्यांतला सुग्रीव खिदळला. "पाण्याचं नाव काढलं की हात वर!"

"मामा, चहा होईस्तोवर थांबा," म्हणत योगिता लॅपटॉप घेऊन ओट्यावर आली. मागोमाग तिची आई, मनकर्णा.

"कावून अडलं गं?"

"टूल सर्व्हरवर हाय, आई. मोबाइलला ठाऊकच न्हाई."

"मग त्यानं इचारावं की!"

"इचारलंय त्यानं, पहिल्या दिवशी. तवा मिळालेली कामांची यादीच धरून बसलाय. रेंज कमी म्हणून मीच तसं केलतं."

मनकर्णा हसलीच. "म्हंजी गेल्या सालच्या विहिरीवर मेंढरं नेतोय त्यो! आगं, आमी दरसाल त्याच गावात उतरतो, तरी शिवेवर आधी इचारतोच ना? औंदा पाणी कुठं, रान कुणाचं मोकळं? इचारायला तर तूच पळायचीस!"

योगितानं कपाळावर हात मारला. मग बोटं भराभर चालली. जुनी यादी पुसली. आता मोबाइल सर्व्हरशी जोडला की दरवेळी आधी विचारणार: तुझ्याकडं काय काय आहे?

कपबश्या गोळा होत होत्या. मामांनी पुन्हा तोच सवाल टाकला.

"केजच्या वाटेवर दोन विहिरींना पाणी आहे," मदतनीस बोलला आणि विहिरींच्या मालकांची नावंही सांगून मोकळा झाला.

मामांनी मोबाइल आणखी जवळ धरला. "आणखी काय येतं रं तुला?"

त्यानं तिन्ही कामं सांगितली.

सुग्रीव पुढं सरकला. "अन् लोकरीचा भाव?"

"हे काम मला येत नाही."

"आज न्हाई येत," योगिता म्हणाली. "पुढल्या बाजाराला इचारा, सुग्रीवदादा."

"इचारतो की," सुग्रीव म्हणाला. "मामा, तवर ठेवा ह्याला."