उजेडाकडे वळलेलं रोप

आत्याची नजर पूर्ण गेली, तेव्हा तिला कायमचं आमच्याकडे आणायचं म्हणून मी तिच्या गावी गेले. ती एकटीच राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीत मिरचीच्या रोपाची कुंडी होती. सगळं रोप खिडकीबाहेर कललेलं. ते बरं दिसेना, म्हणून मी कुंडी फिरवून ठेवली.

दोन-चार दिवसांनी आत्या पानं चाचपत म्हणाली, “कुंडी फिरवलीस ना गं?”

“हो. तुला कसं कळलं?”

“शेंडा बघ की. निघालाय परत उजेडाकडे.”

मी वाकून पाहिलं. शेंड्याने खरंच मान वळवली होती, आणि देठांना पीळ देत पानं हळूहळू त्याच्या मागे चालली होती. झाडाला डोळे नसतात. ऊन कुठून येतं एवढं मात्र त्याला कळतं. मग सावलीतली बाजू जास्त वाढते आणि रोप उन्हाकडे झुकतं. इतके दिवस मला तो नुसता बाक वाटायचा. त्या सकाळी त्यात हट्ट दिसला.

“तुझी बॅग भरायला घेऊ ना?” मी विचारलं.

“नको. या घरात मला सगळं हाताशी सापडतं. तुझ्याकडे पाणीसुद्धा मागून प्यावं लागेल.”

मग मी माझीच बॅग भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती मला एसटीपर्यंत सोडायला निघाली. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. काठी टेकवत ती पुढे, आणि बॅग घेऊन मी तिच्या मागे.