दोन पट्ट्यांच्या मधे

मिरजेतल्या एका शाळेच्या सभागृहात दुपारी तालीम चालू होती. गाणाऱ्या बाई स्वतःच्या मराठी कविता अरबी चालींत बांधतात. पेटीवर सत्तरीचे अण्णा होते, बाईंच्या पहिल्या कार्यक्रमापासूनचे साथीदार.

एका ओळीवर गाडी अडली. तिथला स्वर कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधला होता.

"अण्णा, या दोन पट्ट्यांच्या मधे," बाई म्हणाल्या.

"मधे फट आहे. तिच्यात चाळीस वर्षांची धूळ आहे, ती वाजवू का?"

संयोजक हळूच म्हणाले, "या कार्यक्रमाला पेटीऐवजी व्हायोलिन घेऊ. त्यावर निघतो तो स्वर."

अण्णांनी रुमालाने पट्ट्या पुसल्या.

"पुन्हा म्हण," ते बाईंना म्हणाले.

ओळ आली. त्या स्वरापाशी अण्णांनी उजव्या हाताची बोटे उचलली आणि बाई पुढच्या स्वरावर गेल्यावर पुन्हा टेकवली. तेवढा वेळ सभागृहात फक्त बाईंचा आवाज होता. तो परका स्वर मला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला.

दोन देशांच्या संगीताचा मेळ म्हटले की कोणी काय वाजवले, ते आम्ही बातमीदार लिहितो. कोणी कुठे बोटे उचलली, ते बातमीत येत नाही.

संयोजकांनी व्हायोलिनचे नाव पुन्हा काढले नाही. "छान थांबलात, अण्णा," एवढेच म्हणाले.

"थांबलो कुठे?" अण्णा म्हणाले. "भाता चालूच होता."