भोपळ्याची दुसरी ताटली

पॅरामॅटातल्या ज्या इटालियन दुकानात मी पास्ता वळते, तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीला आम्ही सगळे नोन्ना म्हणतो, म्हणजे आजी. नववीत शाळा सुटलेल्या, इंग्रजीत तोंड उघडायला घाबरणाऱ्या बाईला सिडनीत कामावर ठेवणारी ती पहिली. तिच्या गावचा, फेराराचा, लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मी रोज करते. करंज्यांचा हात होता, म्हणून कडा लगेच जमल्या.

नवऱ्यानं सुट्टीत इटलीला जायचं काढलं, तेव्हा मी हट्टच धरला. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल, फेरारा हवंच! नोन्नाचे गुडघे गेलेत, तिला एवढा प्रवास आता होत नाही. तिची थोरली बहीण तिथं एकटीच असते. निघताना नोन्नानं माझा हात धरून बजावलं, "ती तुला जेवायला घालेल. दोनदा घे. एकदाच घेतलंस तर तिला वाटेल, माझ्या हातचं आवडलं नाही. आणि ती एकदाच विचारते हं."

विमानात डोळ्याला डोळा नाही. काही चुकलं तर परत जाऊन नोन्नाला कुठल्या तोंडानं भेटू?

पण फेरारात उतरले आणि भीती कुठल्या कुठे पळाली. अख्खं गाव विटकरी! मधोमध किल्ला, भोवती पाण्यानं भरलेला खंदक, आणि त्याच्या कडेनं बायका भाजीच्या पिशव्या हँडलला अडकवून सायकलवरून चाललेल्या. जसं काही एवढा मोठा किल्ला म्हणजे नाक्यावरचं वाण्याचं दुकान! बहीणबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यासुद्धा सायकल हातात धरून आमच्या पुढे. त्यांना इंग्रजी येत नाही, मला इटालियन येतं ते दुकानात कानावर पडलेल्या पाच-सहा शब्दांपुरतं. तरी आमचं चाललं होतं मस्त. गावाभोवतीच्या जुन्या तटावर त्यांनी आम्हाला मोठमोठ्या झाडांखालून चालवलं. मग कॉफी. काउंटरपाशी उभ्यानं, दोन घोटांत.

"अहो, बसू नका. इथं कोणीही बसलेलं नाही."

"अगं, पाय तुटले माझे."

"तुटू देत!"

बेकरीतून चार शिंगं असलेला पाव घेतला आणि एकेक शिंग मोडत चालत राहिलो. नवरा पिशवीतल्या ठेपल्यांकडे हात नेत होता, मी चेनच लावून टाकली.

दुपारी बहीणबाईंच्या घरी जेवण. लोणी आणि सेज नावाच्या सुवासिक पाल्यात घोळवलेला तोच पास्ता, मी रोज वळते तो. पण पहिल्याच घासाला जायफळ असं दरवळलं, पुरणात दरवळतं तसं! ताटली कधी रिकामी झाली, कळलंच नाही.

बहीणबाई भांडं घेऊन आल्या. डाव उचलून म्हणाल्या, "आंकोरा?" म्हणजे अजून?

आणि माझा हात आपोआप ताटलीवर आडवा. "नको, नको! नो, नो!"

आपल्या पंगतीत असंच तर करतात. आपण नको म्हणायचं, वाढणारीनं हात बाजूला सारून वाढायचं. बहीणबाईंनी माझ्या हाताकडे बघितलं, डाव खाली ठेवला आणि भांडं घेऊन आत गेल्या.

"झालं!" नवरा पुटपुटला. "ती काय तुझी मावशी आहे आग्रह करायला?"

नोन्नानं एकच गोष्ट सांगितली होती, एकच! स्वयंपाकघरातून झाकणाचा आवाज आला. दुसऱ्याच्या घरात मागून घ्यायची सवय मला जन्मात नाही. तशीच उठले, उष्टी ताटली घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

"आंकोरा," मी म्हटलं.

त्या वळल्या. आपला हात माझ्या ताटलीवर हुबेहूब माझ्यासारखा आडवा धरला आणि भुवया उडवल्या. मग हे काय होतं?

मी माझा मोकळा हात पाठीमागे लपवला. त्या अशा हसल्या की भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग झाकण निघालं, आणि त्या वाढतच राहिल्या. बाहेरून नवऱ्याचा आवाज, "अहो, इकडेही बघा की!"

जेवण झाल्यावर सिडनीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र पडलेली, नोन्ना फोन हातात धरूनच बसली असावी. किल्ल्याचं नाही, तटाचं नाही. पहिला प्रश्न, "किती?"

मी काही बोलायच्या आत बहीणबाईंनी फोन ओढून घेतला आणि कॅमेरा भांड्यात धरला. आत लोण्याचा ओशट तळ आणि सेजचं एक पान, बस.