सोनबाला पकडणारा नामदेव

नाटक एकच, संवादही तेच. तरी दर वर्षी दोन-चार नवे किस्से होतातच! आमच्याकडे कापूस एखाद्या साली दगा देईल, किश्शांचं पीक कधी बुडत नाही.

नाटक सोनबाचं. वडनेरजवळच्या आमच्या गावचा हा साधा शेतकरी. कापसाच्या गाठी नेणारी इंग्रजांची गाडी त्यानं अडवली, आजूबाजूची गावं उठवली, साहेबाला महिनाभर जंगलात फिरवलं. शेवटी कोणीतरी फितूर झालं आणि सोनबा फासावर चढला. दर पुण्यतिथीला सकाळी शाळेच्या पटांगणात हे नाटक होतं. बसवतो मी. शाळेत मराठी शिकवण्याची शिक्षा, दुसरं काय!

*

सोनबाचं काम वर्षानुवर्षं किराणा दुकानवाल्या हरिभाऊंकडे. आवाज खणखणीत, पण पोट दर वर्षी थोडं पुढं सरकतं. एकदा जंगलातल्या प्रवेशात ते कळवळून म्हणाले, "आठ दिवस झाले गड्यांनो, पोटात अन्नाचा कण नाई!"

बायकांमधून एक आजी ओरडली, "मंग ते पुढं काय बांधलं बावा?"

*

साहेबाचं काम नामदेवकडे. वर्ध्याला एका ऑफिसात क्लार्क आहे. रंगानं गोरा, डोळे घारे, त्यामुळे पंधरा वर्षं दुसऱ्या कोणाचा विचारच झाला नाही. आणि हा सोनबाचा सख्खा पणतू!

लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेला. पोहे झाले, मुलीला पसंत, सगळ्यांना पसंत, पण मुलीचे वडील गप्प. मध्यस्थानं फारच खोदून विचारल्यावर म्हणाले, "पोरगं चांगलंच हाय हो. पण दर साली सोनबाले फाशी देते!"

लग्न झालं. पण नाटकाच्या दिवशी सासरे त्याच्याशी बोलत नसत.

*

सोनबाचा फोटो कुठंच नाही. गेल्या साली फ्लेक्स करायचा ठरला, तेव्हा आम्ही नाटकातला हरिभाऊंचाच फोटो दिला. खाली 'विनम्र अभिवादन', वर झेंडूचा भलामोठा हार. फ्लेक्स बसथांब्यावर लागला आणि कोणीतरी तो मोबाइलवर फिरवला.

तासाभरात हरिभाऊंचे साडू सावंगीहून रडत-रडत दारात हजर. दार उघडलं हरिभाऊंनीच!

"काऊन रडून राह्यले भाऊ? कोन गेलं?"

साडू हुंदका गिळून म्हणाले, "तुमीच!"

वहिनींनी त्याच दिवशी मला बोलावून सुनावलं, "सर, आता यायले सोनबा करू नोका. सायेब करा, पन जित्ता ठेवा!"

*

ही बातमी कळताच नामदेव माझ्या घरी आला. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला,

"सर, सोनबा मले द्या. माहा पणजा होय तो. पंधरा वर्षं झाले, मीच त्याले पकडून राह्यलो."

काम त्याला दिलं.

तालमीच्या पहिल्याच दिवशी नवे साहेब हरिभाऊ आपला संवाद विसरले. तेवढ्यात समोर उभा असलेला सोनबाच गरजला, "पकडो इसको!"

*

नाटकाच्या दिवशी मात्र नामदेवनं काय काम केलं! बायका डोळे पुसत होत्या. शेवटचा प्रवेश आला. फितुरानं बोट दाखवलं, शिपायांनी सोनबाला धरलं आणि नामदेवनं हिसका देऊन स्टेजवरून थेट लोकांत उडी मारली!

मी विंगेतून ओरडलो, "नामदेव, पकडल्या जा ना बे!"

गर्दीतून उत्तर आलं, "नाई सर! एकदा पकडल्या गेला, तेवढं बस झालं!"

आता पडदा तरी कसा पाडणार? हरिभाऊ साहेबाचा तोरा सोडेनात. त्यांनी फितुराला दरडावलं, "किधर गया?"

"मले काय मालूम?" फितूर म्हणाला.

शिपाई सतरंज्या तुडवत हिंडले. बायका म्हणाल्या, इकडं नाई. म्हातारे म्हणाले, आमाले दिसतच नाई!

शेवटी हरिभाऊ बंदोबस्तावरच्या हवालदारासमोर उभे राहिले. खरा हवालदार, खरी वर्दी. त्याच्या खुर्चीमागे नामदेव उकिडवा बसला होता. धोतराचा सोगा बाहेर लोळत होता. साऱ्या गावाला दिसत होता.

"हवालदार, किधर गया वो?"

हवालदारानं पायानं तो सोगा हळूच खुर्चीखाली सारला. बसल्याबसल्याच कडक सॅल्यूट ठोकला.

"साहेब, इकडं कोनीच नाई आलं!"