मागच्या खोलीतलं आमेन

आमच्या वरठीच्या मंडळीत जेमतेम वीस-बावीस घरं. उपवासाच्या चाळीस दिवसांत चर्चमधला सागवानी क्रूस दर शुक्रवारी एकेका घरी मुक्कामाला जातो. जातो म्हणजे मोटरसायकलवरून जातो. मागे बसणारा त्याला चादरीत गुंडाळून उभा धरतो, आणि रेल्वे फाटकावर कोणीतरी हमखास विचारतं, "चौकट बसवून राहिले का, भाऊ?"

ज्याच्या घरी क्रूस, त्याच्याकडे संध्याकाळी घरसभा, आणि सभेत घरमालकानं साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. ही मूळची साधी गोष्ट आम्ही पार लग्नाच्या स्टेजवर नेऊन ठेवली आहे. कोणी मखमल अंथरतो, कोणी झेंडूची कमान करतो. मागच्या वर्षी एकानं क्रुसाभोवती थर्माकोलची कबुतरं उडवली होती. मी त्याला खूप नावं ठेवली आणि यंदा पाळी माझी आली, तर भंडाऱ्याला जाऊन मखमल आणि निळ्या दिव्यांची माळ घेऊन आलो. लुकलुकणारी. क्रूस हॉलच्या अगदी मधोमध यावा म्हणून मेजर टेप लावून मोजलं. माणूस किती ओंगळ होऊ शकतो हे बघायचं असेल, तर त्याच्या हातात टेप द्यावा.

माझा मोठा भाऊ तेव्हा आमच्याकडेच होता. रेल्वेत गँगमन म्हणून हयात गेली, वहिनी वारली, मूलबाळ नाही. साखरेनं त्याच्या उजव्या पायाचं पार वाटोळं केलं होतं. अंगठा गेला होता, आता घोट्यापर्यंत जखम चढली होती आणि सोमवारी नागपूरला पाय कापायचा होता. जखमेला वास यायचा. लिहायला सोपं आहे, वास यायचा. जेवताना तो वास भातात असायचा, कपड्यांत असायचा, मी वर्गात मुलांची हजेरी घेत असलो तरी नाकात असायचा. ड्रेसिंग माझी बायको करायची. मी त्या वेळी नेमका दूध आणायला जायचो. आमच्याकडे दूध दिवसातून दोनदा लागायला लागलं होतं.

भावानं पंधरा दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, "क्रूस येईन त्या दिवशी मले समोर बसव, बाबू. पाय जायच्या आधी एकदा सगळ्यायसोबत प्रार्थना करतो."

मी हो म्हटलं होतं. शुक्रवारी दुपारी मात्र त्याच्या खाटेजवळ जाऊन म्हणालो, "भाऊ, गरमी लय हाये, पंचवीस-तीस मानसं येतीन. तुले त्रास होईन. तू मागच्या खोलीतच आराम कर."

त्यानं उशी सरळ केली. मग म्हणाला, "बरं."

बायको स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती. "भाऊजीले मागं ठेवता? मंग क्रूस कोनासाठी आनला?"

"तुले नाही समजत," मी म्हणालो. घरात माझं हे वाक्य नेहमी तेव्हाच निघतं, जेव्हा तिला सगळं समजलेलं असतं.

मंडळी आली. भाऊ कुठे विचारल्यावर मी सांगून टाकलं, पवनीला पुतण्याकडे गेला. आमचा पवनीला पुतण्या नाही. आम्हाला पुतण्याच नाही. मागच्या खोलीचं दार मी ओढून घेतलं होतं, गुलाबाचा फवारा अर्धा संपवला होता. तरी गाणं सुरू झालं आणि वास आला. गुलाबात मिसळून तो आणखीच किळसवाणा झाला. दोन बायकांनी पदर नाकाशी नेला. आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या काकू सरळ बोलल्या, "उंदीर मेला वाटते गा कुठं."

"हो काकू," मी म्हणालो, "सकाळपासून शोधून राहिलो."

आणि लगेच उभं राहून मी साक्ष दिली. दुःखात प्रभू कसं सांत्वन देतो यावर. भावाचाच दाखला दिला. त्याची वेदना, त्याचा धीर, आणि आम्ही कुटुंब म्हणून उचललेला क्रूस. आवाज मी योग्य ठिकाणी कापरा केला. मास्तरकीत ते जमतं. आज आठवलं की स्वतःच्या तोंडाची चव घाण होते.

सभा चालवणाऱ्या पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "चला, पवनीला असलेल्या आपल्या भावासाठी प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थना लांबली. शेवटी सगळे "आमेन" म्हणाले, आणि त्यानंतर एक क्षण थांबून, दारामागून, खणखणीत आवाजात आणखी एक आमेन आलं.

माळ लुकलुकत होती. मग काकू म्हणाल्या, "पवनी लयच जवळ आली."

कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते त्यांनी बरं केलं. त्यांनी दार उघडलं. वास आता फवाऱ्याशिवाय, सरळ बाहेर आला. काही जण अंगणात गेले. मी काय करावं ते न सुचून क्रूस उचलला. दिव्यांची वायर प्लगमधून निघाली, मखमल खाली घसरली, आणि तो तसाच वायरीसकट मी भावाच्या खाटेशी, कापसाच्या डब्याला आणि मळक्या पट्ट्यांच्या बादलीला लागून भिंतीला टेकवला. मोजायला जागाच नव्हती.

भाऊ उठून बसला. पायावर माशा होत्या, त्या त्यानं हातानं हाकलल्या. मग क्रुसाकडे बघून पाळकसाहेबांना म्हणाला, "मी रोज इचार करतो साहेब. तेच्यावरही माशा बसल्या असतीन. घाव उघडे, अन् वरून ऊन. अन् हात खिळलेले. हाकलता नाही आल्या तेले. मले तं हात हायेत."

असं काही मी इतक्या वर्षांच्या साक्षींत बोललो नव्हतो. मला क्रुसावर रक्त माहीत होतं, काटे माहीत होते. माशा कधी बसवल्या नव्हत्या.

काकू आत येऊन खाटेच्या कडेला बसल्या. "उंदीर म्हटलं बाप्पा तुले," त्या म्हणाल्या.

"तुम्ही वासाले म्हटलं, काकू," भाऊ म्हणाला. "मले तं येनं म्हटलं." बोट माझ्याकडे.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यानं ऐकून घेतलं नाही. "उद्या सकाळी दूध आनाले जाऊ नको," एवढंच म्हणाला.

सकाळी बायकोनं कापूस, औषधी पाणी, चिमटा पुढ्यात मांडला आणि ती निघून गेली. पट्टी सोडताना शेवटचा पदर जखमेला चिकटलेला होता. तो ओला करून काढावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. ओढला तेव्हा भाऊ कण्हला. मी बादलीकडे धावलो आणि ओकलो. परत आलो, पुन्हा ओकलो. किळस कमी झाली नाही. प्रेमानं ती जाते असं लोक सांगतात, माझी गेली नाही. क्रूस तिथंच भिंतीला होता, वर पाहिलं की दिसायचा. मी वर पाहायचो, मग खाली पाहायचो, मग कापूस बुडवायचो.

"झालं का?" भावानं विचारलं.

"अर्धं झालं."

"मंग उरलेलं कर. मी कुठं पवनीले चाललो?"