दगडी घर आणि भूगोलाच्या मॅडम

आमच्या भूगोलाच्या मॅडमइतका इतिहास साऱ्या जालना जिल्ह्यात कुणी रचला नसेल. कॉलेजच्या आवारात, मागच्या कोपऱ्यात दोन खोल्यांचं दगडी घर होतं. खेड्यांवरून येणाऱ्या आम्हा मुलींचं अभ्यास मंडळ तिथं भरायचं आणि मॅडम त्या मंडळाच्या सर्वेसर्वा. नवी मुलगी आली की आधी तिला घराचा इतिहास ऐकावा लागे, मगच सतरंजीवर जागा. आमच्या वर्षी ते घर निजामाच्या कुणा अंमलदारानं आपल्या लाडक्या घोड्यासाठी बांधलेलं होतं. पुढच्या वर्षी घोडा गेला आणि तिथं एका इंजिनिअरची रुसलेली बायको राहायला आली. एकीनं हा फरक दाखवला, तेव्हा मॅडमनी गंभीरपणे सांगितलं की संशोधन चालू असतं. आत शिरताना त्या दाराला हात लावून "येऊ का?" असं विचारत, आणि उन्हानं छपराचे पत्रे कडाडले की शिकवणं थांबवून घराचं म्हणणं पुरं होऊ देत. घनसावंगीची एसटी लागेपर्यंत आम्ही तिथं वाचत बसायचो. दुसरीकडं बसायला जागाच नव्हती.

पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि नव्या इमारतीसाठी ते घर पाडायचं ठरलं. पाहणीला समिती आली. आता मॅडम घोडा सांगतात की बायको, एवढीच माझ्या मनात धास्ती. पण त्यांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि वर्गात कधीच न बोललेल्या आपल्या गावाकडच्या बोलीत सांगितलं, "मी शिकायला आले तवा गावभर खोली शोधत हिंडत होते. लोक आडनाव विचारायचे, अन् मंग खोली रिकामी न्हाई म्हणायचे. शेवटी प्राचार्यांनी ह्या घराची किल्ली दिली. इथं राहूनच मी बी.ए. झाले."

इतकी वर्षं त्यांच्याजवळ वावरून मलाही हे ठाऊक नव्हतं.

भिंतींना तडे गेले होते, घर काही वाचलं नाही. पण नव्या इमारतीत तळमजल्यावरची एक खोली मुलींच्या मंडळाला कायमची मिळाली. मॅडमची निवृत्ती तेव्हा जवळ आली होती. पहिल्या दिवशी जाफराबादकडची एक मुलगी त्यांना म्हणाली, "मॅडम, या खोलीचा इतिहास सांगा ना."

मॅडमनी कोऱ्या भिंती निरखून पाहिल्या. "इथं अजून काहीच घडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा."

मग त्याही खिडकीशी टेकून बसल्या. मुली वाचत राहिल्या, आणि त्या नुसत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या.