नजरेला न कळणारी भाषा

माझ्या थोरल्या काकांनी जन्मात कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटलेलं नाही, आणि त्यांच्याइतका चांगल्या गोष्टींवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात मी दुसरा पाहिलेला नाही. कापड्याला त्यांची भातशेती. शेत लोंब्यांनी वाकलं की हे बांधावर उभे राहून म्हणणार, "यंदा काय खरं नाय." काकीनं केलेली सुकटीची चटणी ताट पुसून खाणार आणि उठताना म्हणणार, "गिळली कशीतरी." माझे वडील लवकर गेले, मी काकांकडेच वाढलो. बारावीला शाळेत पहिला आलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नापास नाय झालास, बस." संध्याकाळी मात्र स्वतः गावभर पेढे वाटत फिरले, आणि पेढेही काही खास नाहीत असं प्रत्येक दारात बजावून आले.

याचं मूळ एका बैलात आहे. तरुणपणी त्यांनी नवी बैलजोडी आणली आणि चार माणसांत तिचं तोंडभर कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी त्यातला एक बांधावरून घसरला आणि पाय मोडून बसला. आपलीच नजर लागली, हे काकांच्या मनानं घेतलं ते कायमचं. आमच्याकडे बाळाला नजर लागू नये म्हणून गालाला काजळाची तीट लावतात, गोऱ्यागोमट्या पोराला काळतोंड्या म्हणतात. काकांनी सगळ्या जगालाच तीट लावून टाकली.

गावाला याची सवय होती, पण स्पेनला नव्हती. काकांचा मुलगा तिकडे वालेन्सियाच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे, बायकोही तिथलीच. त्यांना मुलगी झाली तेव्हा सुनेनं हौसेनं मोबाईलसमोर तिला धरलं. काका बघतच राहिले. डोळे भरले, आणि भीतीनं तोंडातून गेलं, "शी, कसलं माकड घातलंस जन्माला." सून हसत नवऱ्याला विचारू लागली, काय म्हणाले? आणि त्या शहाण्यानं शब्दन् शब्द सांगितला. त्यानंतर फोन येत राहिले, पण पडद्यावर एकटा मुलगा. बाळ नेहमी झोपलेलं. नजरेचं वगैरे त्यानं मागाहून पुष्कळ समजावलं, पण बाईच्या मनातून माकड काही जाईना. नात रांगायला लागली, चालायला लागली, आणि तिचं हे सगळं काकांनी नुसतं कानांनी ऐकलं. या काळात ते जेवणालासुद्धा नावं ठेवीनासे झाले, तेव्हा काकी घाबरली.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. एका सुट्टीला कापड्याला गेलो तर काकांनी मोबाईल पुढे केला. म्हणाले, "यात सुनेची भाषा घाल. आपल्याकडच्या नजरेला ती कळायची नाय." मी थक्क झालो. महाडच्या बाजारापलीकडे मराठी न्यायची ज्यांना कधी गरज पडली नव्हती, ते साठीच्या पुढे स्पॅनिश शिकायला बसले! आणि शिकले. त्यांना ती भाषा पहिल्या धड्यातच पटली. "इंग्रजीत माणूसच पुढं पुढं करतो, आय लाइक, म्हणजे मी आवडवतो म्हणून," ते मला म्हणाले. "हे लोक आपल्यासारखे. मे गुस्ता, म्हणजे मला आवडतो. भात आपला येऊन आवडतो, आपण नुसतं बसायचं."

मग इतक्या वर्षांचं तुंबलेलं कौतुक वाहू लागलं. बांधावर उभे राहून ते मोकळ्या आवाजात भाताला "मे गुस्ता" म्हणत, म्हशी एकाहून जास्त असल्या तर "मे गुस्तान" म्हणत. गुडघा धरून "मे दुएले" म्हणजे मला दुखतंय, असं तर शेजाऱ्यांनाही पाठ झालं. चटणीला एकदा "मे एनकांता" म्हणाले, म्हणजे फारच आवडते. काकीला वाटलं, ही नवीन शिवी असावी.

पुढच्या फोनला त्यांनी मुलाला बाजूला व्हायला सांगितलं आणि सुनेला हाक मारली. ती आली. काका उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मे एनकांता मि निएता." माझी नात मला फार फार आवडते. मग सून आत गेली आणि पोरीला घेऊन आली.

यंदा ती सगळी महिनाभर कापड्याला राहून गेली. आजोबा आणि नात दिवसभर स्पॅनिशमध्ये एकमेकांना काय काय आवडतं ते सांगत हिंडायची. निघायच्या सकाळी गाडी दारात उभी असताना सुनेनं नवऱ्यामार्फत सासऱ्यांकडे एक मागणं केलं. माझ्या भाषेत तुम्ही खूप दिलंत, आता तुमच्या भाषेत एकदा म्हणा. पोरीला आजोबांच्या तोंडून ते ऐकू दे.

काकांचा चेहरा उतरला. इथल्या नजरेला मराठी कळत होती, आणि पोरीला तर एवढा लांबचा प्रवास करायचा होता. काकीनं हळूच म्हटलं, "नको वाटत असंल तर नका म्हणू." पण काका खाली बसले, पोरीला जवळ ओढलं, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि तिच्या कानात काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. ती मान डोलवत ऐकत होती.

गाडी गेल्यावर मी विचारलं, काय सांगितलंत? "तिचं तिला सांगितलं," ते म्हणाले, आणि म्हशी सोडायला गेले.

त्यांनी मला अंगाखांद्यावर वाढवलं. माझ्यावर त्यांचा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे, त्याबद्दल कधी शंका आली नाही. तरी मी तिथं अंगणात उभा होतो, आणि त्या चिमुरडीचा मला फार हेवा वाटत होता.